पास फुकट आहे, पण गाडी कुठंय?

समजा, तुमच्या हातात एक रुपया दिला. तुमचा एकट्याचा नाही, अख्ख्या महाराष्ट्राचा. तो कुठं खर्च करायचा, हे तुम्हीच ठरवायचं. पहिले दहा पैसे कशावर टाकाल? उत्तर मनात धरून ठेवा, पुढं लागेल.

हाच प्रश्न घेऊन मी राहुरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गेले. दहावीचा शेवटचा पेपर होऊन गेलेला, नववीची परीक्षा तोंडावर आलेली. १० मार्च २०२५ ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवारांनी राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला आणि तेव्हापासून टीव्हीवर मोठ्या माणसांची चर्चा चालू होती. शेतकरी नेते बोलले, उद्योजक बोलले, सीए बोलले. शाळेतल्या मुलांना कुणी काही विचारलंय, असं मला तरी कुठं दिसलं नाही. म्हटलं, आपण विचारू. खरं सांगायचं तर मी गमतीदार उत्तरं गोळा करायलाच गेले होते. ‘मुलं म्हणतात, शनिवारी सुट्टी द्या’ असलं काहीतरी मिळेल, सोबत एक हसऱ्या चेहऱ्यांचा फोटो, झालं काम.

पहिली पाच मिनिटं तसंच झालं. क्रिकेटचं ग्राउंड, फुकट डेटा, ‘गणित काढून टाका’. मग खिडकीकडच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “ताई, आम्हाला पास फुकट आहे. पण आमच्या गावाला शाळा सुटायच्या टायमाला गाडीच नाही. मग सरकारनं पैसे कशावर घातले?”

वर्ग हसला. मी पण हसले. आणि मग कळलं की आपल्याकडं याचं उत्तर नाही.

तिचं म्हणणं नीट समजून घ्या. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेत जायला एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे. योजनेला नाव अहिल्याबाई होळकरांचं, आता आपल्या जिल्ह्यालाही त्यांचंच नाव आहे. मुलांना पासाला साधारण एकतृतीयांश पैसे पडतात. जानेवारी २०२५ मध्ये तिकीट १४.९५ टक्क्यांनी वाढलं, त्यामुळे मुलांचा पासही महागला. यातली सवलत ‘योजना’ असते, तिला नाव असतं, भाषणात तिच्यासाठी एक वाक्य असतं. पण पाचला शाळा सुटते आणि तिच्या गावाकडची एक गाडी साडेतीनला, दुसरी सातनंतर, या गोष्टीला कुठल्याच भाषणात वाक्य नसतं. मग ही मुलगी काय करते? जादा तास सोडून साडेतीनच्या गाडीला पळते. नाहीतर काळी-पिवळीत दाटीवाटीनं बसते आणि रोख पैसे देते, खिशात फुकट पास असताना. नाहीतर वडील शेतातलं काम टाकून मोटारसायकल घेऊन येतात. काही मुली नगर-मनमाड रस्त्याच्या कडेनं पुढच्या फाट्यापर्यंत चालत जातात. हा रस्ता तुम्हाला माहीत असेल तर मी जास्त सांगायला नको. वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी बदनाम असलेला रस्ता, त्यावर शिर्डीला जाणाऱ्या गाड्या, उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रेलर. त्याच्या कडेनं दप्तर पाठीला लावून चौदा वर्षांची पोर.

तिच्यामागचा एक मुलगा लगेच म्हणाला, “आमच्यात पण तसंच आहे. लाइट फुकट आहे, पण रात्रीची.”

शेतीपंपाला, साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत, राज्यात वीज मोफत आहे, एप्रिल २०२४ पासून. पण मोफत वीज रात्री आली तर पाणी भरायला रात्रीच जावं लागतं. आणि आपल्या पट्ट्यात रात्री उसाच्या कडेला कोण असतं, हे या मुलांना वनखात्यापेक्षा आधी कळतं. त्यानं ‘बिबट्या’ हा शब्द इतक्या सहज उच्चारला, जसा शहरातला मुलगा ‘ट्रॅफिक’ म्हणतो. वडील मळ्यात गेले की आई जागी राहते, आई जागी म्हणून तो जागा, आणि सकाळच्या पहिल्या तासाला तो झोपतो. “मोफत नको, दिवसा द्या,” हे त्याचं बजेट. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना राज्यात चालू आहे, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “आमच्या फिडरला कधी?” पुन्हा उत्तर नाही.

दोन्ही तक्रारींचा सांगाडा एकच आहे, बघा. दिलेली वस्तू आहे, ती वापरता येईल अशी व्यवस्था नाही. तासभर बोलल्यावर माझ्या वहीत जे साठलं, त्यातलं निम्मं याच जातीचं होतं. कॉम्प्युटर लॅब आहे, पण तिची किल्ली एका सरांकडं आणि सर निवडणुकीच्या नाहीतर कसल्यातरी सर्व्हेच्या कामाला. मुलींचं टॉयलेट बांधलेलं आहे, पण नळाला पाणी नाही आणि झाडायला माणूस नाही. म्हणजे २६ टीएमसीचं मुळा धरण उशाला आणि शाळेच्या टाकीत दुपारनंतर खडखडाट.

या टॉयलेटवर जरा थांबते, कारण इथं मला पहिल्यांदा समजलं की बजेट म्हणजे नुसते मोठे आकडे नसतात. आपल्याकडं खेड्यातल्या बहुतेक माध्यमिक शाळा जिल्हा परिषदेच्या नसतात. त्या कुठल्यातरी शिक्षणसंस्थेच्या, अनुदानित असतात. शिक्षकांचा पगार सरकार देतं. पण खडू, झाडू, लाइटबिल, फिनेल, नळाची दुरुस्ती यासाठी जे पैसे येतात, त्यांना ‘वेतनेतर अनुदान’ म्हणतात, आणि ते पुरत नाहीत आणि वेळेवर येत नाहीत, हे कुठल्याही मुख्याध्यापकांना विचारा. त्यात डिसेंबर २०२० मध्ये शासनानं शाळांमधली शिपायाची कायम पदं पुढं न भरता त्याऐवजी ठरावीक भत्ता द्यायचं ठरवलं. म्हणजे जुने शिपाईमामा रिटायर झाले की त्यांच्या जागी पूर्ण पगाराचा माणूस येत नाही. टॉयलेट बांधलं तेव्हा नारळ फुटला, फोटो निघाला. टॉयलेट रोज धुण्याचा फोटो निघत नाही, आणि धुणारा माणूसच कागदावरून गेला. परिणाम? मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. हे मला वर्गात कुणी सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत बाहेर येऊन हळूच सांगितलं. मीही नववीत हेच करायचे. आठ वर्षं झाली, आणि त्याच उन्हाळ्यात त्याच वयाची मुलगी अजून बाटली भरलेलीच घरी नेते.

१ फेब्रुवारी २०२५ ला केंद्राच्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅब आणि माध्यमिक शाळांना ब्रॉडबँड, अशी घोषणा झाली. चांगलीच गोष्ट आहे. पण भाषणातला शब्द ‘सरकारी शाळा’ असा आहे. या मुलांची शाळा त्या शब्दात बसते का? एका मुलानं मात्र हा प्रश्न दोन वाक्यांत मिटवला : “लॅब येऊ द्या ना. पण आधी जुनीचं कुलूप काढा.”

आता भूक. आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार मिळतो. पुस्तकंही आठवीपर्यंत मोफत. शिक्षणहक्काचा कायदाही चौदा वर्षांपर्यंतच. नववीत गेलं की यातलं सगळं एका झटक्यात सुटतं. “मागच्या वर्षी खिचडी होती. यंदा आम्हाला भूक लागत नाही, असं वाटतं का त्यांना?” हे बोलणारा मुलगा चेष्टेत बोलला होता, पण त्यानं सकाळी सातला घर सोडलेलं होतं आणि तेव्हा दुपारचा एक वाजला होता. धाकट्यांच्या आहारालाही कात्री लागतेच. नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये शासनानं त्याचे पैसे देणं बंद केलं, अंडी हवी असतील तर लोकसहभागातून आणा म्हटलं. वर्षाला सुमारे ५० कोटींचा मामला. मघाचा तो रुपया आठवा. त्यात हे ५० कोटी शोधायला गेलात तर एका पैशाचा शंभरावा भागसुद्धा भरत नाही.

तो रुपया मी फळ्यावर काढला होता. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प होता ७ लाख २० कोटी रुपयांचा. (सात लाख, वर फक्त वीस. मुलांना हे फार गमतीचं वाटलं. “वीस कोटी कुणाला दिले, ताई?”) महसुली खर्चातला जवळपास निम्मा पगार, पेन्शन आणि व्याजात जातो. खर्चापेक्षा जमा कमी, म्हणून ४५,८९१ कोटींची महसुली तूट. राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या वर. “हे कोण फेडणार?” कुणीतरी विचारलं. मी वर्गाकडं बघितलं. वर्गाला उत्तर कळलं.

आणि मग लाडकी बहीण. हा विषय निघणार हे मला माहीत होतं, आणि माझं मतही तयार होतं. आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर याला सरसकट ‘रेवडी’ म्हणतात, मीही म्हणायचे. एका मुलानं अगदी तेच म्हटलं, ३६ हजार कोटी तिकडं गेले म्हणून शाळेला काही उरत नाही. बोलण्याचा सूर थेट चावडीवरचा होता, घरचं ऐकून आलेला. त्यावर दुसऱ्या रांगेतली मुलगी उभीच राहिली. तिच्या आईच्या खात्यात जे दीड हजार येतात, त्यातून तिची सायन्सच्या क्लासची फी जाते. आधी फीसाठी आजोबांना मागायला लागायचं आणि आजोबा म्हणायचे, पोरीला कशाला क्लास. “आता आई कुणाला विचारत नाही.” मागून आवाज आला, “मग एकवीसशे कधी?” आणि वर्गात हशा पिकला. (निवडणुकीत कबूल केलेले २,१०० या अर्थसंकल्पात आले नाहीत. २०२४ मध्ये वर्षाला ४६ हजार कोटी सांगितले होते, २०२५-२६ साठी तरतूद ३६ हजारांची होती.)

माझं मत तिथल्या तिथं शंभर टक्के बदललं, असं म्हणणार नाही. पण हिशेब केला तर ते रुपयातले साधारण पाच पैसे होतात. पाच पैसे कमी नाहीत, शाळांची दुर्दशा त्यांच्यामुळंच झाली असं म्हणणंही खरं नाही. टॉयलेटला पाणी लाडकी बहीण यायच्या आधीही नव्हतंच. आणि गंमत बघा, तो मुलगा आणि ती मुलगी शेवटी एकाच ठिकाणी आले : शाळेतच नीट शिकवलं तर दीड हजार क्लासला घालायला लागणार नाहीत. हे वाक्य दोघांपैकी कुणाचं, हेही मला आता आठवत नाही. मोठ्यांच्या चर्चेत मी अजून असं काही होताना बघितलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मुलं घरचं ऐकलेलं बोलतात. बोलतातच. कांद्यावर तेव्हा असलेलं २० टक्के निर्यात शुल्क काढा, हे सांगणारा मुलगा वांबोरीच्या बाजारातून वडिलांबरोबर परत येतानाचं बोलणं जसंच्या तसं सांगत होता. पण मग टीव्हीवरचे तज्ज्ञ कुणाचं ऐकलेलं बोलतात? निदान या मुलाला गोणी किती किलोची आणि त्या दिवशी भाव काय फुटला, हे तोंडपाठ होतं. त्याला एकच गोष्ट माहीत नव्हती, की निर्यात शुल्क मुंबईत नाही, दिल्लीत ठरतं. हा गोंधळ सगळ्यांचाच होता. गाडी कुणाच्या अखत्यारीत, रस्ता कुणाचा, खिचडी कुणाची, टाकी कुणाची? ग्रामपंचायत, झेडपी, राज्य, केंद्र, सगळं त्यांच्या लेखी एकच ‘सरकार’. यात त्यांची काय चूक? नववीच्या भूगोलाच्या पुस्तकात अर्थशास्त्राची ओळख करून देणारा एक धडा आहे. सार्वजनिक वित्त नीट येतं ते थेट बारावीच्या अर्थशास्त्रात. म्हणजे जो सायन्सला गेला, त्यानं सरकारचा पैसा कसा चालतो हे शाळा-कॉलेजात कधीच वाचलं नाही, तरी चालतं. मी मास कम्युनिकेशनची डिग्री केली आणि महसुली तूट व राजकोषीय तूट यांतला फरक मला त्या सकाळी बसमध्ये मोबाइलवर वाचून पक्का करावा लागला. हे कबूल केलेलं बरं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की या मुलांना विचारा. बालदिनाला फुगे लावून नको, पैसे वाटायच्या आधी विचारा. यात जगावेगळं काही नाही. पुण्यात महापालिका २००६-०७ पासून नागरिकांकडून प्रभागातली कामं मागवते आणि त्यातली काही अंदाजपत्रकात घेते. अमेरिकेत बोस्टन शहरानं २०१४ मध्ये दहा लाख डॉलर बाजूला काढले आणि ते कुठं खर्च करायचे हे १२ ते २५ वयाच्या मुलामुलींच्या मतदानानं ठरवलं. पोरांनी काय निवडलं? शाळांना क्रोमबुक, नवे फुटपाथ, खेळाच्या मैदानाची दुरुस्ती. कुणी रॉकेट मागितलं नाही. शेजारच्या कर्नाटकात मुलांच्या ग्रामसभा भरतात. आणि आपल्याकडं? आपल्याकडंही कागदावर आहे की. ‘आमचं गाव, आमचा विकास’मध्ये गावाचा आराखडा करताना बालसभा घ्यायची असते. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. मी वर्गात विचारलं, बालसभेला कोण कोण गेलंय? हात वर झाले नाहीत. एकीनं विचारलं, “म्हणजे बाळांची सभा का?”

नववीतल्या मुलांना बाळं म्हणणाऱ्या सभेला ती का जातील, हा मुद्दाही रास्त आहे.

मोठ्यांचीही अवस्था फार वेगळी नाही म्हणा. आपल्या जिल्हा परिषदेत २०२२ पासून तेव्हाही प्रशासकच होता. शाळेच्या टाकीचा प्रश्न घेऊन जायला गटातला निवडून आलेला सदस्यच नव्हता. तुम्ही-मी अठराच्या वरचे, मतदार, आपल्याला तरी कोण विचारतंय? पण आपण निदान पाच वर्षांनी एकदा राग काढू शकतो. त्यांना तीही सोय नाही. म्हणून पहिली कात्री त्यांच्या अंड्यावर चालते. आणि त्यातल्या बहुतेकांची नावं २०२९ च्या विधानसभेला यादीत असतील. तेव्हा त्यांच्या दारात हात जोडून येणाऱ्यांना आज त्यांच्या टॉयलेटला पाणी आहे का, हे विचारायला वेळ नाही.

तर मघाशी मनात धरलेले दहा पैसे. तुम्ही कशावर टाकले होते? मी टाकले होते नवीन लायब्ररीवर. मोठी, काचेची, एसी. आता वाटतं, माझंही डोकं नारळ फोडणाऱ्यांसारखंच चालत होतं. वर्गात शेवटी मी हाच प्रश्न चिठ्ठीवर लिहायला सांगितला. नव्या इमारतीची चिठ्ठी मला सापडली नाही. ‘शिपाईमामा परत आणा’ ही चिठ्ठी होती. ‘दुपारचं पाणी’ होती. ‘इंग्लिशचे सर, जे मध्येच जाणार नाहीत’ होती. एकानं लिहिलं होतं, ‘माझे दहा पैसे कर्ज फेडायला घ्या, नाहीतर मलाच फेडावं लागेल.’

निघताना ती खिडकीकडची मुलगी आणि तिच्या गावाकडच्या पाच-सहा जणी थांबल्या होत्या. गाडीच्या वेळेसाठी अर्ज कुणाला करतात, असं विचारत होत्या. आगारप्रमुखांना करायचा, सोबत मुख्याध्यापकांचं पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडायचा, एवढं मला माहीत होतं, तेवढं सांगितलं. वहीचं पान फाडून त्यांनी तिथंच लिहायला घेतलं. मी ‘नवीन बस सुरू करावी’ असं सुचवलं. त्यातल्या एकीनं ते खोडलं. ‘नवीन गाडी नको. साडेतीनची आहे तीच सव्वापाचला सोडावी.’ खाली सह्या. शेवटची सही आठवीतल्या एका मुलीची आहे, पुढच्या वर्षी तिलाही त्याच गाडीनं जायचंय.